विझत्या ताऱ्यांची काजळी

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा, पण तो येतो अमावास्येला. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत संध्याकाळच्या आकाशात चंद्र जवळजवळ नसतोच. वद्य पक्षाच्या अखेरचा चंद्र पहाटे उगवतो, आणि भाऊबीजेची कोर दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात मावळते. पावसाळा सरलेला, हवा धुऊन निघालेली आणि आकाश चंद्रहीन, असा हा योग आहे. शहरातल्या माणसाला याचा पत्ता लागत नाही, कारण त्याच्या आकाशाला रस्त्यावरच्या दिव्यांनी कायमचा चुना फासलेला असतो. पण सुटीत कोकणात जाण्याचा योग ज्यांना येतो, त्यांनी फराळाचे ताट बाजूला ठेवून एक घटका वर पाहावे. तिथे, काळोखाच्या आत, एक जुनी गोष्ट चालू आहे. ती ताऱ्यांच्या मरणाची आहे, आणि ऐकून झाल्यावर ध्यानात येते की ती आपल्या जन्माचीही आहे.

ही गोष्ट पाहायला श्रीवर्धनसारखे ठिकाण शोधून सापडायचे नाही. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे हे गाव. रोठा सुपारीने त्याचे नाव दूरवर नेले. पोफळी-नारळींच्या वाड्यांतून वळणे घेत जाणारे अरुंद रस्ते, आणि ते संपले की एकदम पश्चिमेला उघडणारा समुद्र. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून फळ हाती यायला कित्येक वर्षे जातात. तरी वाडीवाल्यांनी पुन्हा खड्डे घेतले, पुन्हा रोपे लावली. पडलेल्या झाडांच्या झावळ्या कुजून त्याच मातीत मिसळल्या आणि नव्या रोपांच्या मुळाशी गेल्या. वाडीतला हा नियम आकाशातही लागू आहे किंवा नाही, हाच या लेखाचा विषय.

तीन धुरकट ठिपके

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा. क्षितिजावर मासेमारीच्या होड्यांचे चार दिवे सोडले तर डोळ्यांना बोचेल असे काही नाही. उजव्या हाताला, वायव्येच्या बाजूस, अर्ध्या आकाशावर जो ठळक निळसर पांढरा तारा दिसतो तो अभिजित. त्याच्याजवळ स्वरमंडल या छोट्या तारकासमूहाचे इतर तारे आहेत. त्यांपैकी तळच्या दोन ताऱ्यांच्या मधोमध लहानशी दुर्बीण रोखली, तर धुराचे एक चिमुकले कडे दिसते. कोणी विडीचा धूर गोल सोडावा आणि तो तिथेच थिजून राहावा, तसे. याला कंकणाकृती अभ्रिका म्हणतात. ती सुमारे २,५०० प्रकाशवर्षे दूर आहे.

आता मान वर करा. डोक्यावरून किंचित पश्चिमेला कललेल्या भागात, हंस आणि गरुड यांच्यामध्ये, जंबुक नावाचा अगदी फिका तारकासमूह आहे. त्यात साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही एक धूसर डाग सापडतो. शार्ल मेस्ये या फ्रेंच ज्योतिर्विदाने तो १२ जुलै १७६४ रोजी पाहिला. या जातीचा माणसाला सापडलेला हा पहिला डाग.

तिसरा पाहायला डावीकडे, दक्षिणेला वळा. तिथे कुंभ राशीत, चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा पसरलेला पण अतिशय फिका असा एक पुंजका आहे. त्याला सर्पिल किंवा मळसूत्री अभ्रिका म्हणतात. ही आपल्यापासून सुमारे ६५० प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे महाराष्ट्रात बहमनी सुलतानांचा अंमल होता तेव्हा निघालेला तिचा प्रकाश या दिवाळीत श्रीवर्धनच्या वाळूवर उतरतो आहे. मुंबईहून ती शोधू म्हटले तर सापडणार नाही. तिचा प्रकाश मोठ्या जागेत पसरल्याने इतका पातळ झाला आहे की शहरी उजेडात तो केव्हाच विरघळून जातो.

या तिन्ही एकाच कुळातल्या. अठराव्या शतकात विल्यम हर्शेलने अशा वस्तूंना इंग्रजीत ग्रहांवरून नाव दिले, कारण दुर्बिणीत त्यांचे गोल बिंब त्याने नुकत्याच शोधलेल्या युरेनस ग्रहासारखे भासत होते. ग्रहांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही, पण नाव चिकटले ते चिकटलेच. मराठीत त्यांना बिंबाभ्रिका म्हणतात, आणि ते नाव जास्त प्रामाणिक आहे: बिंबासारखी दिसणारी अभ्रिका. १८६४ मध्ये विल्यम हगिन्झने अशाच एका अभ्रिकेचा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा त्यात ताऱ्यासारखा सलग रंगपट न दिसता दोनतीन सुट्या रेषा दिसल्या. त्यावरून हा तप्त, विरळ वायू आहे हे ठरले. त्यातल्या हिरव्या रेषा कोणत्या मूलद्रव्याच्या, हे कोडे मात्र १९२७ पर्यंत सुटले नाही. ते द्रव्य निघाले आपल्या श्वासातलाच ऑक्सिजन, फार विरळ आणि विद्युतभारित अवस्थेतला.

काजळ आणि रांगोळी

सूर्यासारखा तारा आयुष्यभर आपल्या गाभ्यात हायड्रोजन जाळत असतो. ते इंधन सरत आले की तो फुगतो, तांबूस होतो आणि त्याचे बाहेरचे थर सैल पडतात. भात उतू जाण्याच्या वेळी झाकण जसे थडथडते, तसा तो थडथडू लागतो. दर धडकीबरोबर थोडा वायू बाहेर फेकला जातो. हा वायू ताऱ्यापासून दूर जाताना निवतो, आणि तापमान दीड हजार अंशांच्या खाली आले की त्यात घन कण धरू लागतात. धूळ जन्माला येते ती इथे.

या धुळीच्या दोन मुख्य जाती आहेत, आणि दिवाळीच्या घरात दोन्हींचे नमुने सापडतात. एक काजळ, दुसरी रांगोळी.

तुपाच्या निरांजनावर चांदीची वाटी उपडी धरून आजी काजळ धरायची, ते आठवत असेल. जळण भरपूर आणि हवा अपुरी असली की कार्बन जळून जात नाही, तो काजळी होऊन वाटीला बसतो. ताऱ्यात असेच घडते. तिथे कार्बन आणि ऑक्सिजन यांची जोडी जमली की दोघांचा एकच वायू होतो, कार्बन मोनॉक्साइड. ही लग्ने लागून संपल्यावर जो पक्ष शिल्लक उरतो, त्याची धूळ बनते. कार्बन उरला तर काजळी. ऑक्सिजन उरला तर तो सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोह यांच्याशी जुळून दगडासारखी धूळ बनवतो. शिरगोळा कुटून केलेल्या रांगोळीच्या भुकटीची ही लांबची बहीण म्हणावी. फरक इतकाच की ताऱ्याची रांगोळी कमालीची बारीक असते. तिचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, उदबत्तीच्या धुराच्या कणाच्या जवळपास असतो.

ताऱ्याचा प्रकाश या कणांना बाहेर ढकलतो आणि कण आपल्याबरोबर वायूलाही ओढत नेतात. हळूहळू ताऱ्याची सगळी वस्त्रे उतरतात आणि मागे उरतो तो पृथ्वीएवढा, धगधगता, उघडा गाभा. त्याचे तापमान लाख अंशांपर्यंत चढते. त्याच्या जंबुपार किरणांनी भोवतीचा वायू पेटल्यासारखा उजळतो, आणि आपण श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून पाहिली ती बिंबाभ्रिका तयार होते. तिचे आयुष्य ताऱ्यांच्या मानाने एका फुलबाजीइतके आहे. दहावीस हजार वर्षांत वायू पांगतो, गाभा विझत जातो आणि बिंब फिके होऊन नाहीसे होते. आपल्या सूर्याचीही हीच गत व्हायची आहे. पण त्याला अजून काही अब्ज वर्षे अवकाश आहे, तेव्हा पुढच्या दिवाळीची खरेदी करायला हरकत नाही.

आता खरा प्रश्न. वायू पांगतो हे ठीक, पण त्यातल्या काजळीचे आणि रांगोळीचे काय होते? गाभ्याचे जंबुपार किरण हे कण झिजवतात, तप्त वायूचे आघात ते फोडतात. ते वाटेतच नष्ट होत असतील, तर हा सगळा खटाटोप मातीमोल झाला. टिकत असतील, तर ते अवकाशातल्या मेघांत मिसळणार, त्या मेघांतून नवे तारे होणार आणि ताऱ्यांभोवती जमिनी होणार. पृथ्वी ही शेवटी अशाच धुळीच्या कणांना कण चिकटून झालेली आहे. तेव्हा प्रश्न ताऱ्यांच्या धुळीचा दिसत असला तरी तो आपल्या पायाखालच्या मातीचा आहे.

न दिसणारा उजेड

ही धूळ दुर्बिणीतून का दिसत नाही? कारण ती स्वतः उजळत नाही. ती गाभ्याचा प्रकाश पिते आणि किंचित कोमट होते. कोमट म्हणजे तरी किती? जुन्या अभ्रिकांत शून्याखाली दीडशे-दोनशे अंश सेल्सिअस! तरीही ती उष्णता बाहेर टाकतेच. चुलीवरून उतरवलेला तवा काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की समजते. डोळ्याला न दिसणारे हे किरण म्हणजे अवरक्त किरण. १८०० साली त्याच विल्यम हर्शेलने सूर्याच्या रंगपटात, तांबड्या रंगाच्याही पलीकडे, वरकरणी अंधाऱ्या जागी तापमापक ठेवला. पारा चढला, आणि अदृश्य उजेडाचा शोध लागला.

वस्तू जितकी थंड, तितके तिचे किरण लांब लहरीचे. आपल्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेची लहर मुख्यतः १० मायक्रॉनच्या आसपास असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थंडगार धुळीची लहर ३० पासून १०० मायक्रॉनपर्यंत जाते. दिसणारा प्रकाश तर एका मायक्रॉनच्याही आत संपतो.

१९६७ मध्ये जिलेट, लो आणि स्टाइन या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी हंस तारकासमूहातील एनजीसी ७०२७ ही बिंबाभ्रिका अवरक्त किरणांत मोजली. तिच्या वायूने द्यायला हवी त्याहून कितीतरी जास्त उष्णता ती देत होती. ही जादा उष्णता आली कुठून? पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, के. एस. कृष्णस्वामी आणि चार्ल्स ओडेल यांनी दाखवले की वायूत मिसळलेले घन कण तापून हे किरण देत असतील तर हिशेब जुळतो. हे कृष्णस्वामी म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राच्या कडेला असलेल्या या संस्थेचे नाव ताऱ्यांच्या धुळीशी असे सुरुवातीपासूनच जोडले गेले आहे.

काजळीची कल्पना त्याहूनही थोडी आधीची. १९६२ मध्ये फ्रेड हॉईल आणि त्यांचे श्रीलंकेचे विद्यार्थी चंद्र विक्रमसिंघे यांनी मांडले की ताऱ्यांमधल्या पोकळीत दिसणारी धूळ हे कार्बनबहुल ताऱ्यांनी बाहेर टाकलेले ग्रॅफाइटचे कण असावेत. त्याच सुमारास केंब्रिजला हॉईल यांच्याच हाताखाली कोल्हापूरचा आणखी एक विद्यार्थी शिकत होता. जयंत नारळीकर. पुढे त्यांनीच पुण्यात ‘आयुका’ उभी केली आणि मराठी घराघरांत खगोलशास्त्र नेले. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. ज्या धुळीवर त्यांच्या गुरूंनी आणि गुरुबंधूंनी विचार केला, तिचा माग आजही चालू आहे.

कोकणची हवा आणि आकाशातला फुगा

श्रीवर्धनचा किनारा डोळ्यांनी आकाश पाहायला उत्तम. पण अवरक्त दुर्बीण इथे आणून ठेवली तर ती जवळजवळ आंधळी ठरेल. कारण आहे तोच समुद्र आणि तीच वाफ, ज्यांवर पोफळी वाढतात.

याचा अनुभव आपण सगळे घेतो, फक्त तो ध्यानात घेत नाही. हिवाळ्यात पुण्या-नाशकाकडे दिवसा ऊन तापते आणि रात्री हुडहुडी भरते. कोकणात रात्र तितकी गारठत नाही. समुद्राची ऊब हे एक कारण. दुसरे कारण हवेतली वाफ. जमीन रात्री आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात सोडत असते. कोरड्या हवेतून ती निसटते, दमट हवा मात्र ती अडवून गोधडीसारखी अंगावर पांघरते. जी गोधडी आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, ती बाहेरची ऊबही आत येऊ देणार नाही. ताऱ्यांच्या धुळीचे किरण हजारो वर्षांचा प्रवास करून येतात आणि आपल्या डोक्यावर दहापाच किलोमीटरवर वाफेत अडकून संपतात.

म्हणून शास्त्रज्ञ वाफेच्या वर चढू लागले. कमी लहरींचे अवरक्त किरण डोंगरावर पोचतात. टाटा संस्थेत बनलेला अवरक्त कॅमेरा पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे ‘आयुका’च्या दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर वापरला गेला. त्याच संस्थेचे एक उपकरण लडाखमध्ये हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवरच्या दुर्बिणीला जोडले गेले. पण शंभर-दोनशे मायक्रॉनचे किरण हवे असतील तर डोंगरही पुरत नाही. त्यासाठी टाटा संस्थेने फुग्याची वाट धरली.

हा फुगा म्हणजे जत्रेतला नव्हे. पातळ प्लॅस्टिकचा, हायड्रोजनने भरलेला, वर जाता जाता एखाद्या इमारतीएवढा फुगणारा. हैदराबादच्या केंद्रावरून तो रात्री सुटायचा आणि एक मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण घेऊन तीसएक किलोमीटर उंचीवर जायचा. तिथे शंभरातला नव्याण्णव हिस्सा हवा पायाखाली राहते आणि वाफ जवळजवळ उरतच नाही. दुर्बिणीच्या टोकाला बसवलेला शोधक द्रवरूप हेलियमने केवळ शून्याच्या वर ०.३ अंश केल्व्हिनपर्यंत थंड केलेला असायचा. इतका खटाटोप का, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. दुर्बीणही उष्णता देते, माणूसही देतो, हवाही देते. धगधगत्या भट्टीत उभे राहून काजवा शोधायचा असेल, तर आधी भट्टी विझवावी लागते.

काम झाले की यंत्रे हवाई छत्रीने खाली उतरत. कधी तेलंगण-कर्नाटकात, कधी त्यांना लागून असलेल्या महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत, एखाद्या शेतात. फुगे सुटण्याच्या दिवसांत वृत्तपत्रांतून निवेदने येत: आकाशातून पेटी उतरली तर घाबरू नये, तिला हात लावू नये, पोलिसांना किंवा पोस्टाला कळवावे, कळवणाऱ्यास बक्षीस मिळेल. ज्वारीच्या रानात ताऱ्यांची धूळ मोजणारी दुर्बीण येऊन पडावी, ही गोष्ट कथेत लिहिली असती तर संपादकांनी ती परत पाठवली असती.

या फुग्याच्या दुर्बिणीने मुख्यतः पाहिले ते नवे तारे जन्मणारे मेघ. बिंबाभ्रिकांतून बाहेर पडलेली धूळ टिकलीच, तर ती अखेर मुक्कामाला जाते ती याच मेघांत. म्हणजे तिच्या प्रवासाचे शेवटचे स्टेशन मुंबईकर मंडळी पाहत होती. मधला प्रवास मात्र बाकी होता.

वाटेत किती गळाली?

त्या मधल्या प्रवासाचा पहिला मोठा हिशेब जमला तो एका उपग्रहामुळे. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून २५ जानेवारी १९८३ रोजी ‘इरास’ नावाची अवरक्त दुर्बीण अवकाशात सोडली. तिच्यातले हेलियम दहा महिन्यांत संपले, पण तेवढ्यात तिने जवळजवळ सगळे आकाश चाळून सुमारे अडीच लाख अवरक्त ठिपक्यांची यादी केली. त्यांत बिंबाभ्रिकाही भरपूर होत्या.

मग हिशेब सुरू झाला. अभ्रिका जितकी जुनी तितकी मोठी आणि फिकी. प्रत्येकीत वायूच्या मानाने धूळ किती हे काढायचे, आणि तरुण अभ्रिकांची तुलना वृद्धांशी करायची. वृद्धांत धुळीचे प्रमाण कमी निघाले, तर धूळ वाटेत गळते असे समजायचे. सुरुवातीच्या आकडेमोडीत तसेच दिसले. वय वाढते तशी धूळ घटते, असे काही शास्त्रज्ञांनी मांडले. म्हणजे काजळी पुसली जाते आहे, असा त्याचा अर्थ.

पण या गणितात एक अडचण होती. अभ्रिकेची अंतरे काढणे महाकठीण. अंतर चुकले की आकार चुकतो, आकार चुकला की वय चुकते, आणि मग घट खरी की गणितातली, हे सांगता येत नाही. शिवाय वृद्ध अभ्रिकांची धूळ थंड आणि विरळ. तिचा उजेड आजूबाजूच्या आकाशातल्या इतर धुळीच्या उजेडात मिसळून जातो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या गल्लीतली एकच पणती ओळखायला सांगावे, तसे ते काम आहे.

१९९९ मध्ये ग्राझिना स्तासिन्स्का आणि रिशार्ड श्चेर्बा या दोघांनी हा हिशेब नव्याने मांडला. अंतर माहीत असण्याची गरजच पडू नये अशी रीत त्यांनी योजली आणि शेकडो अभ्रिकांची ‘इरास’ची मोजमापे तिच्यातून घातली. निष्कर्ष उलट आला. अभ्रिका वृद्ध होते म्हणून वायूच्या मानाने तिची धूळ घटते, असा पुरावा मिळत नाही. ही बातमी साधी दिसली तरी मोठी होती. वाडीतली झावळी मातीपर्यंत पोचते, असा तो कौल होता.

एका माणसाच्या आयुष्यात

ताऱ्यांच्या गोष्टी हजारो-लाखो वर्षांच्या, आपल्या डोळ्यांदेखत काही घडत नाही, अशी आपली समजूत. तिला एका भारतीय शास्त्रज्ञाने धक्का दिला. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतले एम. पार्थसारथी ‘इरास’च्या यादीत असे तारे शोधत होते, जे वायू टाकून मोकळे झाले आहेत पण ज्यांची अभ्रिका अजून पेटलेली नाही. भोवतीची थंड धूळ अवरक्त किरणांत दिसते, हीच त्यांची खूण. दक्षिण आकाशातला असा एक तारा त्यांच्या हाती लागला. १९७१ मध्ये घेतलेल्या त्याच्या रंगपटात तो साधा निळा तारा होता. १९९० आणि १९९२ मध्ये पाहतात तो अभ्रिकेच्या रेषा लखलखताहेत! धुळीवरून ज्याचा सुगावा लागला होता, त्या ताऱ्याने एका पिढीच्या आत बिंबाभ्रिकेचा अवतार घेतला होता. १९९३ मध्ये पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे हबल दुर्बिणीने तिचे चित्र घेतले आणि एका माशावरून ‘स्टिंग्रे’ हे नाव पडले. स्टिंग्रे म्हणजे आपल्या कोळ्यांच्या जाळ्यात येणारी पाकट.

गोष्ट इथे थांबली नाही. गाभा आधी तापत गेला, मग निवू लागला. १९९६ आणि २०१६ मधली हबलची चित्रे शेजारी ठेवली तेव्हा ही पाकट झपाट्याने फिकी होत असल्याचे दिसले. एका माणसाच्या आयुष्यात उजळली आणि विझूही लागली.

काजळीत काय काय सापडले

अलीकडच्या अवरक्त दुर्बिणींनी या धुळीची नुसती मोजदाद न करता तिचे पृथक्करणही केले. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला २०१० मध्ये ‘टीसी १’ या बिंबाभ्रिकेत कार्बनच्या ६० अणूंचा पोकळ गोळा सापडला, फुटबॉलवर जशा पंचकोनी-षट्कोनी पट्ट्या शिवलेल्या असतात अगदी तसा रचलेला. प्रयोगशाळेत तो १९८५ मध्ये मिळाला होता. तारा विझता विझता तो घाऊक बनवत होता. याच स्पिट्झरने २००७ मध्ये आपल्या कुंभ राशीतल्या सर्पिल अभ्रिकेच्या मधोमध, विझत्या गाभ्याभोवती, धुळीचे एक ताटच दाखवले. जुनी धूळ तर केव्हाच दूर गेलेली असायला हवी. मग ही नवी कुठून आली? ताऱ्याच्या मरणातून वाचलेले धूमकेतू एकमेकांवर आदळून तिचा भुगा पडत असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

२५ डिसेंबर २०२१ रोजी साडेसहा मीटरच्या आरशाची जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली. १२ जुलै २०२२ रोजी जगापुढे ठेवलेल्या तिच्या पहिल्याच चित्रांत एक बिंबाभ्रिका होती, दक्षिण आकाशातली एनजीसी ३१३२. तिच्या मध्यावर दोन तारे आहेत. दिसणाऱ्या प्रकाशात त्यांतला एकच झळकतो. अवरक्त चित्रात दुसरा, फिका तारा धुळीचे पांघरूण घेऊन स्पष्ट उभा राहिला, आणि सारी अभ्रिका ज्याची तो धनी हाच. २०२३ मध्ये वेबने श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या त्या धुराच्या कड्याकडेही पाहिले. आपल्याला जे सलग कडे वाटते, त्यात सुमारे वीस हजार घट्ट गाठी निघाल्या, आणि भोवती काजळीच्याच जातीच्या कार्बनी रेणूंचे एक पातळ वलय.

निरोप पोचला

एवढे सारे झाले तरी एक संशयी वाचक म्हणेल, धूळ अभ्रिकेतून बाहेर पडली हे कबूल, पण ती पुढच्या घरी पोचली याला साक्षीदार कोण?

साक्षीदार आहे, आणि तो हातात धरता येतो. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन गावाजवळ एक अशनी पडला. त्याचा तुकडा कुटून आम्लात विरघळवला की तळाशी काही अतिसूक्ष्म कण उरतात, सिलिकॉन आणि कार्बन यांच्या संयुगाचे. त्यांच्यातल्या अणूंचे प्रमाण आपल्या सूर्यमालेशी मुळीच जुळत नाही. ते जुळते ते थडथडणाऱ्या, काजळी सोडणाऱ्या म्हाताऱ्या ताऱ्यांशी. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी या कणांची वये काढली. सूर्याचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे, आणि यांतले काही कण सात अब्ज वर्षांपर्यंतचे निघाले. सूर्य जन्मण्यापूर्वीच कुठेतरी एक तारा विझला, त्याची अभ्रिका उजळून मावळली. तिची काजळी मेघांतून वाहत आली, जळाली नाही, झिजून संपली नाही, आणि आपल्या सूर्याच्या जन्माच्या वेळी इथे हजर होती.

त्याच मेघातून पृथ्वी झाली. म्हणून निरांजनाच्या वातीत, बाळाच्या गालावरच्या तिटेत आणि ती लावणाऱ्या बोटात जो कार्बन आहे, त्यातला पुष्कळसा अशाच कुठल्यातरी विझत्या ताऱ्यातून आलेला आहे. श्रीवर्धनच्या लाटा ज्या खडकावर आपटतात, त्यातही अशीच कुठली तरी जुनी रांगोळी आहे.

या दिवाळीत कोकणात असाल तर आठ वाजण्याच्या आत, फटाक्यांचा धूर दाटण्यापूर्वी, किनाऱ्यावर जा. हातातली बॅटरी बंद करा आणि डोळ्यांना अंधाराची ओळख व्हायला वीस मिनिटे द्या. मुले आधी कुरकुरतील, मग गप्प होतील. वरचा तो फिका ठिपका सापडला की त्यांना सांगा, आपल्या घराण्याची वंशावळ पेशव्यांच्याही फार मागे जाते.